गंगाखेडचे वाळवंट

‘वाळवंट’ हा शब्द शालेय भूगोलाने राजस्थानास बहाल केला खरा. परंतु त्यापूर्वी तो कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभी राही ती निर्जल मरुभूमी नव्हे, तर ऐन प्रवाहाच्या कुशीत पसरलेली, यात्रेकरूंनी गजबजलेली नदीकाठची वाळू होय. मुंबईकरास जशी गिरगावची चौपाटी, तशी गोदातीरावरच्या माणसास ही वाळू. म्हणूनच समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या परभणी जिल्ह्यात सार्वजनिक किनाऱ्याचा इतिहास शोधू निघालेल्यास गंगाखेडच्या घाटाच्या पायऱ्या उतराव्या लागतात.

या भागात गोदावरीस गोदावरी म्हणण्याचा प्रघात नाही. ती गंगा, तिचा काठ तो गंगथडी आणि तिच्या थडीवर वसले ते गंगाखेड. त्र्यंबकेश्वरी उगम पावून पैठण मागे टाकीत ती येथे येते, आणि पावसाळा सरून पाणी ओसरले की पात्रात नव्या वाळूचा पट उघडा पडतो. ज्या जमिनीची मोजणी दरवर्षीचा पूर रद्द करतो, तिच्यावर पहाणीपत्रकात कोणाच्या नावाचा अंमल लावावा? मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, काठावरची शिवारे धाऱ्याच्या हिशेबात बांधलेली असत. वाळवंटात मात्र कोणीही जावे, बसावे, न्हावे, आणि उठून चालते व्हावे.

या बिनमालकीच्या भूमीचे महत्त्व संतांच्या चरित्रांवरून अधिक ध्यानात येते. तेराव्या शतकातील जनाबाई गंगाखेडची. बालवयातच ती पंढरपुरास नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी गेली आणि नामदेवांची दासी म्हणवून घेण्यात तिने धन्यता मानली. परंपरा ज्या नरसी गावास नामदेवांचे जन्मस्थान मानते तेही, १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळी होईपर्यंत, परभणी जिल्ह्यातच मोडत असे. या दोघांची भक्ती ज्या भूमीवर फुलली ती म्हणजे पंढरपूरच्या चंद्रभागेचे वाळवंटच. आणि हा योगायोग केवळ भौगोलिक नाही. पंढरीच्या देवळाचा उंबरठा अस्पृश्य गणलेल्यांना १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर खुला झाला; वाळवंटास मात्र उंबरठाच नसल्यामुळे कीर्तनाच्या रिंगणातील वाळू कित्येक शतके देवळाहून उदार राहिली.

गंगाखेडच्या वाळूने धर्म आणि करमणूक यांत कधी भिंत घातली नाही. अधिक मासात, म्हणजे लोकांच्या भाषेतील धोंड्याच्या महिन्यात, आणि सोमवती अमावास्येस स्नानासाठी लोटणारी गर्दी, कार्तिकात द्रोणांतून सोडलेले दिवे, शेगावाहून पंढरीस निघालेल्या गजानन महाराजांच्या पालखीसोबतच्या वारकऱ्यांचे गोदास्नान, आणि थोड्या अंतरावर मुकाट्याने चाललेला दहाव्याचा विधी, हे सारे एकाच काठावर. त्याच वाळूत पोरांचा हुतूतू रंगे. वाळक्या भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून पोहण्याचे पहिले धडे गिरवले जात. उन्हाळ्यात पात्रात खतावलेली आळी करून टरबुजे आणि काकड्या पिकवल्या जात, आणि वाळूत हातभर झिरा खोदून पिण्याचे गोड पाणी भरले जाई.

स्वातंत्र्योत्तर काळात या काठाचे रूप पालटले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्‌घाटन केले. त्याच्या २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याने परभणीच्या काळ्या रानात ऊस उभा केला. या उपकाराचा विसर पडू देणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु धरणाने पूर अडवला, तेव्हा पुराबरोबर येणारी वाळूही अडली. पुढे ढालेगाव, मुदगल, मुळी, दिग्रस येथे बंधारे होऊन वाहती गंगा जागोजाग तुंबून उभी राहिली. आणि जी वाळू उरली तिला सिमेंटच्या इमारतींचे गिऱ्हाईक मिळाले. महसुली दफ्तरात ती आता गौण खनिज ठरली असून ब्रासाच्या मापाने मोजली जाते. आणि ‘घाट’ या शब्दावर तर असा प्रसंग गुदरला आहे की, ज्याच्या पायऱ्यांनी माणूस पाण्यापर्यंत पोचे त्याऐवजी, ज्या पट्ट्यातील वाळू लिलावात बोलीस चढते त्यास तहसील कचेरी घाट म्हणते.

भाद्रपदात हरतालिकेस स्त्रिया वाळूची पिंड घडवतात, तिच्यावर बेल आणि पत्री वाहतात, रात्र जागवतात आणि दुसऱ्या दिवशी ती वाळू नदीस परत करतात. घेतलेले मोडून परत देण्याचा हा रिवाज म्हणजे वाळवंटाचा एकमेव जुना कायदा होता. पूजा अजूनही तशीच होते. मात्र त्यासाठी लागणारी मूठभर वाळू पुष्कळ घरांत आता शेजारच्या बांधकामावरील ढिगातून आणली जाते, आणि विसर्जनास तेवढी गंगा आठवते.