मातीच्या तोफेवरचा गंज

श्रोतेहो, दिवाळीच्या तोंडावर शिरूर-दौंडकडच्या वाडीवस्तीवर फेरी मारा, अंगणात पोरांचा किल्ला दिसतोच. घोड-भीमेच्या काठचा हा मुलूख बराचसा सपाट. जवळचा मोठा किल्ला म्हणाल तर भीमेपलीकडचा पेडगावचा, तोही भुईकोट. पण पोरांच्या किल्ल्याला डोंगर हवाच! माती रचतात, अळीव पेरतात, मावळे मांडतात, बुरुजावर तोफ चढवतात. तिथंच माझी तक्रार आहे. तोफ काळीकुळकुळीत, तिचा गाडा तपकिरी, की झालं काम. बाजारातून आणलेल्या चित्रांचंही तेच.

पुणे जिल्ह्याला हे शोभत नाही, बरं का. 1880 साली जॉर्ज बर्डवुड या इंग्रज गृहस्थानं हिंदुस्थानातल्या उद्योगकलांवर ग्रंथ लिहिला. त्यात मातीच्या बाहुल्या उत्तम घडवणाऱ्या गावांत कृष्णनगर, कलकत्ता, लखनौ यांच्या पंक्तीला त्यानं पुणं बसवलं आहे. पुण्यात ही कला ज्यांच्या हाती होती त्यांत जिनगर मंडळी होती. जीन म्हणजे खोगीर, हा त्यांचा मूळ धंदा. चामडं, लाकूड, धातू, रंग, सगळ्यांवर त्यांचा हात बसलेला. ज्यानं खरी रिकीब हाताळली, त्याला मातीच्या घोड्याची रिकीब कुठं चकाकते हे सांगावं लागत नसे.

आता तोफेचं बघा. सगळ्या तोफा काळ्या नव्हत्या. विजापूरची मुलूखमैदान तोफ 1549 साली ओतली गेली ती आपल्या शेजारच्या अहमदनगरात, आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तिथं. ती काशाच्या जातीच्या धातूची आहे. असा धातू म्हातारा झाला की हिरवट होतो, आणि लोखंड म्हातारं झालं की गेरूसारखं तांबडं. म्हणजे तुमच्या बुरुजावरची तोफ ओतीव आहे की घडीव लोखंडी, हे पोरानं आधी ठरवायला हवं. रंग मागाहून.

आणि लाकूड? जुन्या बैलगाडीपाशी पोरांना घेऊन जा, गुरुजी. सापडली तर! रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आले, आणि बाभळीच्या चाकाची गाडी गोठ्यामागं जाऊन पडली. तीही एक दिवस चुलीत जाईल. तेव्हा ती आहे तोवर नीट बघा. उन्हापावसानं तिचं लाकूड राखी झालेलं असतं, तपकिरी नव्हे. चिरा जातात त्या लाकडाच्या रेषेनं, आडव्या कधीच नाहीत. गाडीवानाचा हात जिथं नेहमी पडायचा तिथं मात्र ते गुळगुळीत आणि काळसर.

लोखंडाचा धडा गिरवायला दौंडचं स्टेशन उत्तम. 1858 साली पुण्याकडून डिकसळपर्यंत आगगाडी गेली ती दौंडवरूनच. फलाटावर उभं राहून रूळ बघा. चाकानं घासलेला माथा चांदीसारखा, कुशी गंजानं तांबूस. गाडीच्या चाकाची धावही तशीच. रस्त्याला लागते तो भाग उजळ, कडेला गंज. लोहार धाव तापवून चाकावर चढवी आणि पाणी ओती, मग ती आकसून लाकडाला आवळून धरी. त्या सांध्यात पाणी मुरतं, म्हणून गंजाचा ओघळ तिथूनच सुटतो.

हे मातीवर उतरवायचं कसं? माती पुरी वाळू द्या. खडूच्या भुकटीत डिंकाचं पाणी घालून एक हात द्या. लाकडासाठी राखी रंग, वाळल्यावर अगदी पातळ काळा रंग सोडा, तो चिरांत उतरतो. मग कुंचला जवळजवळ कोरडा करून फिकट रंग नुसता उंचवट्यांवरून फिरवा. लहान वस्तूवर सावली पुरेशी पडत नाही, ती आपणच रंगवायची असते. लोखंडाला काजळी द्या, वाळली की कडांवर शिसपेन्सिलीचं शिसं बोटानं घासा. काय चमक येते पाहा! गंजाला गेरूचं पाणी, पण फार नको. सगळीकडे गंज म्हणजे तोफ भंगारात निघाली, मग मावळे लढणार कशानं? काशाच्या तोफेला खोलगट जागी मोरचुदी छटा पुरे.

एकच राहिलं. गाडा रंगवून झाला की चाकाच्या तुंब्याभोवती वंगणाचा काळा, धुळीनं माखलेला डाग द्यायला विसरू नका. घरातले म्हातारे आधी तोच बघतील.