गुडघ्यांची झीज : उपचार-चाचण्यांतील सहभाग

अस्थिसंधिशोथावरील (ऑस्टिओआर्थ्रायटिस) औषधाचा किंवा शस्त्रक्रियेचा गुण पारखण्यासाठी रुग्णाने स्वेच्छेने संशोधनात दाखल होणे. या विकारात क्ष-किरण चित्रातली झीज आणि प्रत्यक्षातले दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. त्यामुळे उपचाराचा कस बराचसा रुग्णाच्या सांगण्यावर लागतो आणि त्या सांगण्यात बरे होण्याची आशाही मिसळलेली असते.

अमेरिकेत ह्यूस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोसली व सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीत (प्रसिद्धी २००२) हा पेच उघड झाला. १८० रुग्ण यदृच्छेने तीन गटांत विभागले गेले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीतून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, तिसऱ्याच्या कातडीला फक्त तीन छेद दिले. या तिसऱ्या गटातल्या रुग्णांना गुंगी दिलेली असे. तरी सांधा धुतल्याचा आवाज यावा म्हणून सलाइनचे पाणी उडवले जाई. दोन वर्षे पाठपुरावा झाला. खऱ्या शस्त्रक्रियेने लटक्यापेक्षा दुखणे अधिक कमी झाले, असे एकदाही आढळले नाही.

या रुग्णांचे धैर्य विसरता कामा नये. आपल्यावर लटकी शस्त्रक्रिया होऊ शकते आणि तिचा गुडघ्याला फायदा होणार नाही, हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. पात्र ३२४ जणांपैकी १४४ जणांनी नकार दिला. तो मोकळेपणाने देता आला, यावरून उरलेल्यांची संमती किती खरी होती ते कळते.

भारतात २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीत पहिला रुग्ण घेण्याआधी तिची सरकारी नोंदणी करावी लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत मिळतात. सहभागी केव्हाही बाहेर पडू शकतो.

दुखणे मोजण्यासाठी ‘वोमॅक’ ही २४ प्रश्नांची कॅनडात तयार झालेली प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात मोजे चढवणे, बाथटबमध्ये उतरणे, मोटारीत चढणे अशा हालचाली आहेत. जिचा दिवस चुलीपुढे नि जमिनीवर जातो, अशा बाईने यांवर काय सांगावे? पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीझेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ही प्रश्नावली भारतीय राहणीप्रमाणे बदलून घेतली. तिच्यात उकिडवे बसण्याचा त्रासही विचारला जातो.