बुलीन, ॲन

(सु. १५०१ – १९ मे १५३६). इंग्लंडचा ट्यूडर राजा आठवा हेन्री ह्याची द्वितीय पत्नी व पहिल्या एलिझाबेथ राणीची माता. टॉमस बुलीन ह्या मुत्सद्द्याची ही कन्या नेदर्लंड्स व फ्रान्स येथील दरबारांत वाढली आणि स्वदेशी परतल्यावर राणी कॅथरीन हिच्या परिवारात दाखल झाली. तिच्यावर अनुरक्त झालेल्या हेन्रीने, पहिला विवाह रद्द करण्यास पोप सातवा क्लेमेंट राजी होईना तेव्हा, रोमची सत्ता झुगारून १५३३ च्या आरंभी तिच्याशी गुप्तपणे विवाह केला. १ जून रोजी तिला राज्याभिषेक झाला व ७ सप्टेंबरला, सर्वांची अपेक्षा पुत्राची असता, एलिझाबेथचा जन्म झाला.

७ जानेवारी १५३६ रोजी कॅथरीन मृत्यू पावली, तेव्हा ॲनच्या पक्षाला हायसे वाटले. वस्तुतः तिचे खरे कवच त्याच दिवशी गळून पडले, कारण कॅथरीन हयात असेपर्यंत ॲनचा त्याग करणे म्हणजे पहिल्या राणीला परत आणण्याची मागणी ओढवून घेणे होते. त्याच महिन्याच्या अखेरीस ॲनचा गर्भपात झाला. जेन सीमूर ह्या दरबारी युवतीकडे राजाचे मन वळले होतेच; शिवाय खालसा होऊ घातलेल्या मठांच्या संपत्तीचा विनियोग व सम्राट पाचव्या चार्ल्सशी सख्य ह्या प्रश्नांवर राणी आणि राजाचा सचिव टॉमस क्रॉमवेल ह्यांच्यात वितुष्ट आले.

पुढील घटना विलक्षण वेगाने घडल्या. २४ एप्रिलला, कोणासही अटक झालेली नसताना, राजद्रोहाच्या तहकिकातीसाठी न्यायमंडळे नेमली गेली. ३० एप्रिलला मार्क स्मीटन हा वादक पकडला गेला आणि त्याने राणीशी व्यभिचार केल्याची कबुली दिली; नॉरिस, वेस्टन, ब्रेरेटन हे दरबारी व राणीचा बंधू जॉर्ज ह्यांनी मात्र आरोप अखेरपर्यंत नाकारले. २ मे रोजी राणीची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये झाली. राणीचा व्यभिचार हा स्वतः राजद्रोह ठरतो की नाही, ह्याविषयी १३५१ चा कायदा निःसंदिग्ध नव्हता. म्हणून राजाच्या मृत्यूची मसलत केल्याचे कलम आरोपपत्रात जोडण्यात आले. त्या आरोपपत्रातील कित्येक तारखांना राणी निर्दिष्ट स्थळी नव्हतीच, असे पुढील संशोधकांनी दाखवून दिले आहे. बंधू वगळता इतर चौघांना १२ मे रोजीच दोषी ठरवल्याने, १५ मे रोजी राणीच्या खटल्यात निर्णय घेण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. सव्वीस सरदारांच्या त्या सभेचे अध्यक्षपद तिचा सख्खा मामा, नॉर्फोकचा ड्यूक, ह्याच्याकडे होते. जाळणे वा शिरच्छेद, राजाची मर्जी असेल ती शिक्षा, असा निकाल त्यानेच उच्चारला.

१७ मे रोजी पाचही पुरुषांचा वध झाला आणि त्याच दिवशी आर्चबिशप क्रॅन्मरने ॲनचा विवाह मुळातच अवैध असल्याचे जाहीर केले. जी कधी पत्नीच नव्हती तिने व्यभिचार कसा केला, हा प्रश्न कोणत्याही विधिज्ञाला पडावा. परंतु एलिझाबेथला अनौरस ठरवण्याची निकड तर्कशुद्धतेहून मोठी होती. १९ मे रोजी टॉवरच्या आवारात, इंग्रजांच्या ताब्यातील कॅलेहून आणवलेल्या जल्लादाने, कुऱ्हाडीने नव्हे तर तलवारीने, तिचा शिरच्छेद केला. वधस्तंभावरील भाषणात तिने राजाची स्तुती केली. अपराध कबूल केला नाही. शव बाणांच्या पेटीत घालून तेथीलच सेंट पीटर चॅपेलमध्ये पुरण्यात आले. ३० मे रोजी हेन्रीने जेन सीमूरशी विवाह केला.

हे कारस्थान मूलतः क्रॉमवेलचे होते, असे इतिहासकार एरिक आइव्हज ह्यांचे मत आहे, तर जी. डब्ल्यू. बर्नार्ड ह्यांनी आरोपांत काही तथ्य असू शकेल असे प्रतिपादले आहे. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, तथापि राजाच्या इच्छेवाचून सचिवाचे धाडस इतक्या थराला जाणे संभवत नाही. आरोपपत्रे दप्तरात सुरक्षित आहेत, साक्षीदारांच्या जबान्या मात्र उरलेल्या नाहीत. त्यामुळे सम्राटाचा वकील शापुई ह्याचे खलिते आणि टॉवरचा अधिकारी विल्यम किंग्स्टन ह्याने क्रॉमवेलला लिहिलेली पत्रे ह्यांवरच अभ्यासकांना विसंबावे लागते. त्यांपैकी किंग्स्टनची पत्रे १७३१ च्या आगीत होरपळली असून, जॉन स्ट्राइप ह्याने त्यापूर्वी करून ठेवलेल्या उताऱ्यांमुळे त्यांतील काही गहाळ मजकूर लावता येतो.