स्कूटर, फटफटी आणि पैठणचा रस्ता

वाचकहो, छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे परवापरवापर्यंत ज्याला आपण औरंगाबाद म्हणत होतो त्या शहराहून, पैठणला निघाले की साधारण निम्म्या वाटेवर बिडकीन लागते. कल्पना करा की रविवारची सकाळ आहे. पाचसहा फटफट्या चहासाठी रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत, मंडळींना आज लांबचा पल्ला गाठायचा आहे. इतक्यात मागून एक स्कूटर येते आणि त्याच रांगेत उभी राहते. कोणीतरी हसून विचारतोच, “काय हो, ही आमच्याबरोबर कुठवर येणार?”

प्रश्न थट्टेचा असला तरी पाऊणशे वर्षांचा जुना आहे. त्याला उत्तर देता यावे म्हणून युरोपात, जपानात आणि आपल्याकडेही कारागिरांनी डोके खपवले, स्कूटरची इंजिने मोठी केली, चाके मोठी केली. त्या खटपटीचा इतिहास आज आपल्याला पाहायचा आहे.

पण यंत्राकडे वळण्यापूर्वी जरा रस्त्याकडे पाहू. हा रस्ता ज्या गावाला जातो ते पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वाटाड्या-पुस्तकात, ज्याला ‘पेरिप्लस’ म्हणतात, या गावाचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला तेर आणखी दहा दिवसांवर, असे तो सांगतो. पैठणचे मौल्यवान दगड आणि तेरचे कापड गाड्यांतून, जिथे धड रस्ताही नाही अशा मुलखातून, भडोचला जात असे. आता गंमत पाहा. त्या तांड्यात कोणाजवळ चपळ घोडा असेलही, पण माल गाडीत होता. तेव्हा तांड्याची चाल म्हणजे गाडीचीच चाल. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

आता स्कूटर. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इटलीतील पाँतेदेरा येथला पियाज्जिओचा विमान कारखाना बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाला होता. लोकांच्या हातात पैसा नव्हता, रस्ते मोडले होते, मोटारगाडी परवडण्यासारखी नव्हती. अशा वेळी कोर्रादिनो दास्कानियो या अभियंत्याकडे स्वस्त वाहनाचे काम आले. हा गृहस्थ हेलिकॉप्टरचा कर्ता. फटफटी त्याला मुळीच आवडत नसे. कपडे तेलाने माखतात, साखळी घाण होते, पंक्चर झाले की चाक काढता काढता जीव मेटाकुटीला येतो, आणि घेरदार झगा घातलेल्या बाईने तिच्यावर बसावे तरी कसे? म्हणून त्याने इंजिन मागल्या चाकाशी नेऊन झाकून टाकले, साखळी काढून टाकली, पुढे पाय ठेवायला सपाट जागा दिली आणि चाक एकाच बाजूने बसवले, म्हणजे मोटारीसारखे झटकन काढता येईल. 23 एप्रिल 1946 रोजी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला. तीच व्हेस्पा. इंजिन अवघे 98 सीसीचे. पुढल्याच वर्षी मिलानमध्ये इन्नोचेंतीची लँब्रेटा बाजारात आली.

म्हणजे स्कूटर जन्मली ती शर्यतीसाठी नव्हे, मोहिमेसाठीही नव्हे. घर, बाजार आणि कचेरी एवढाच तिचा संसार. पण माणूस एकदा चाकावर बसला की तो बाजारापाशी थोडाच थांबतो? रविवारी डोंगर पाहायला जावे, बायकोला मागे बसवावे, सामान घ्यावे, शेजारचा फटफटीवाला मित्रही बरोबर असावा, असे त्याला वाटू लागले. आणि इथे स्कूटरचे पितळ उघडे पडले. चढावर दोन माणसे आणि ट्रंक घेऊन लहान इंजिन धापा टाकी. मित्र वर पोचून सिगारेट ओढून संपवी, तरी हा खालीच.

ही उणीव जर्मनांनी मनावर घेतली. युद्धानंतर विमाने बांधायला बंदी झालेल्या हाइंकेल कारखान्याने 1953 साली ‘टूरिस्ट’ नावाची स्कूटर काढली. लवकरच तिला 174 सीसीचे फोर स्ट्रोक इंजिन मिळाले. नावातच प्रवास होता. 1955 साली माइको कारखान्याची ‘माइकोलेटा’ आली. तिचे इंजिन जवळजवळ 250 सीसीचे आणि चाके चौदा इंचांची. त्या काळच्या पुष्कळ फटफट्यांना लाजवील असा हा ऐवज. मोठ्या इंजिनाच्या स्कूटरची वंशावळ इथून सुरू होते, आणि तिच्या मुळाशी वेगाची हाव तितकीशी नव्हती. घरची माणसे बरोबर घेऊनही मित्रांच्या मागे पडू नये, एवढीच साधी इच्छा होती.

चाकांचा प्रश्न इंजिनाइतकाच महत्त्वाचा. बैलगाडीचे चाक मोठे का असते हे आपल्या शेतकऱ्याला विचारा. मोठे चाक खड्ड्याच्या काठांवरून निघून जाते, लहान चाक खड्ड्यात उतरते. लहान चाकाचा दणका थेट हाताला बसतो आणि हँडल डगमगते. म्हणून लांबच्या प्रवासात स्कूटरवाल्याचे डोळे रस्त्यावर खिळलेले असतात, फटफटीवाल्याला आजूबाजूची शेते तरी दिसतात.

तरीही, केवळ इंजिनाच्या आकाराने प्रवासाचे माप काढू नये. 1962 साली सांतियागो गियेन आणि अंतोनियो वेसियाना हे दोन स्पॅनिश विद्यार्थी व्हेस्पावरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि 79 दिवसांत ती पुरी केली. निघण्यापूर्वी चित्रकार साल्वादोर दाली याने त्यांच्या स्कूटरवर रंगकाम करून सही केली होती. ती स्कूटर पाँतेदेराच्या संग्रहालयात आहे. पुढे 1992 साली जॉर्जिओ बेत्तिनेल्ली हा इटालियन लेखक 125 सीसीच्या व्हेस्पावरून रोमहून निघाला आणि सुमारे 24,000 किलोमीटर तुडवून व्हिएतनाममधील सायगावला पोचला. तात्पर्य, लहान इंजिनही दूर जाते. फक्त त्याला घाई करून चालत नाही.

आता आपल्याकडे येऊ. लँब्रेटा आपल्याकडे मुंबईत जोडली जाऊ लागली ती 1950 नंतरच्या दशकात. बजाज कंपनीला 1959 साली उत्पादनाचा परवाना मिळाला, आणि पियाज्जिओशी करार होऊन 1961 पासून पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा बनू लागली. मागणी अफाट, उत्पादन मोजके. 1960 साली सरकारने स्कूटरच्या विक्रीवर नियंत्रण आणले. नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा तो काळ. मुलीच्या लग्नात द्यायची म्हणून बापाने आधीच नंबर लावून ठेवायचा! 1971 साली करार संपला आणि 1972 साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ आली. सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ही याच घराण्यातली.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. युरोपात इंजिन 98 वरून अडीचशेवर गेले. आपल्याकडे ते दीडशेच्या आसपास येऊन जे बसले ते कित्येक दशके हललेच नाही. जे तयार होईल ते खपत होते, मग मोठे कशाला करायचे? त्याच काळात रस्त्यावर मद्रासची 350 सीसीची बुलेट होती, म्हैसूरची 250 सीसीची जावा होती, पुढे येझदी आली. तेव्हा आपल्या स्कूटरवाल्याने फटफटीची सोबत केली ती इंजिनाच्या जोरावर नव्हे. युक्तीच्या आणि सोबत्यांच्या समजूतदारपणाच्या जोरावर केली.

ती युक्ती कोणती? समजा, मंडळी चाळीसगावच्या बाजूने कन्नडचा घाट चढून शहराकडे येत आहेत. चढावर स्कूटरवाला इंजिन कण्हण्याची वाट पाहत नाही, आधीच गियर खाली घेतो. झाकलेल्या इंजिनावर पंख्याचा वारा सतत फिरत असल्यामुळे हळू चालतानाही त्याला थोडा गारवा मिळतो. उतरताना खबरदारी वेगळी. टू स्ट्रोक इंजिनाचे वंगण पेट्रोलातच मिसळलेले. उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गाडी नुसती ओघळू दिली तर पेट्रोल थांबते आणि तेलही थांबते. म्हणून जाणता माणूस मधूनमधून मूठ थोडी पिळतो आणि इंजिनाला तेलाचा घोट देतो. शिवाय इंजिन उजव्या अंगाला, म्हणून सामान बांधताना तोल पाहावा लागतो. प्लगवर काजळी धरते, म्हणून एक जादा प्लग खिशात ठेवावा लागतो.

पण फटफटीवाल्याने जिच्यापुढे हात जोडावेत अशी एक चीज स्कूटरजवळ होती. ती म्हणजे स्टेपनी! पंक्चर झाले, चार-पाच नट सोडले, दुसरे चाक चढवले, निघाले. बुलेटचे मागले चाक पंक्चर झाले की तिचा मालक पुढच्या गावापर्यंत घाम गाळणार, आणि टायरवाल्याकडे त्याची ट्यूब घेऊन जाणार कोण? तर स्कूटरवालाच. चढावर हा त्यांच्यासाठी थांबवून ठेवतो, पंक्चरला तो ह्यांच्यासाठी थांबतो. सोबत म्हणजे तरी दुसरे काय?

पुढे काळ पालटला. नोव्हेंबर 1985 मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते वाळूज येथे बजाजच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि दुचाकीचा धंदा मराठवाड्याच्या दारात आला. बिडकीनहून वाळूज काही दूर नाही. परंतु त्याच दशकात कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी पद्धतीच्या मोटारसायकली देशात उतरल्या आणि तरुणांचे मन तिकडे वळले. चेतक मागे पडत गेली आणि अखेर पेट्रोलवर चालणारी चेतक बनणे थांबले.

इकडे स्कूटर ओसरत होती तेव्हा तिकडे जपानने तिचे दुसरेच रूप घडवले. 1986 साली होंडाची अडीचशे सीसीच्या घरातली ‘हेलिक्स’ आली, ऐसपैस बसण्याची आणि लांबच लांब. 2001 साली यामाहाने 499 सीसीची ‘टीमॅक्स’ काढली. तिचा खरा विशेष आकाराचा नव्हे. साध्या स्कूटरचे इंजिन मागल्या चाकाबरोबर वरखाली हलते. त्या वजनामुळे खड्ड्यात चाक जड होते. टीमॅक्समध्ये इंजिन फटफटीसारखे सांगाड्यात पक्के बसवले. 2002 साली सुझुकीची ‘बर्गमन 650’ आली. 638 सीसी, दोन सिलिंडर, क्लच नाही, गियर पायाने टाकायचे नाहीत, आणि वजन पावणेतीनशे किलोच्या घरात! हमरस्त्यावर ती कोणत्याही मोटारसायकलीच्या खांद्याला खांदा लावून दिवसभर धावते. पण बंद पडली तर ढकलायला गडी लागतील, आणि बिडकीनच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री तिच्या पट्ट्याला हात लावायला धजेल की नाही, शंकाच आहे. स्टेपनीही गेली.

आपल्याकडे पाऊल जपून पडले. कायनेटिकने 2006 च्या सुमारास 165 सीसीची ‘ब्लेझ’ आणली, पण ती फार टिकली नाही. बारामतीच्या पियाज्जिओ कारखान्यातून 2016 साली चौदा इंची चाकांची ‘अप्रिलिया एसआर 150’ निघाली. 2025 साली हीरोची 156 सीसीची स्कूटरही आली. दीडशेचा उंबरठा आपण ओलांडला खरा, पण घरात शिरलो आहोत असे म्हणवत नाही.

आणि हमरस्त्याचे म्हणाल, तर नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. तो आपल्याच जिल्ह्यातून जातो. पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे, मग ती चेतक असो की साडेसहाशे सीसीची. तेव्हा ज्याला दोन चाकांवर लांब जायचे आहे त्याला जुने रस्ते, जुनी गावे आणि जुने घाटच घ्यावे लागणार. तिथे ट्रॅक्टर आडवा येतो, ऊस भरलेली गाडी येते, शाळेची पोरे येतात. अशा रस्त्यावर इंजिन केवढे यापेक्षा सोबत कशी आहे हे जास्त महत्त्वाचे. पुढे निघून गेलेल्या मित्रांना गाठायचे म्हणून मागच्याने गाडी जिवावर उदार होऊन पिळली, की लहान चाक, मोठा खड्डा आणि अंधार यांचा हिशेब कोणाला चुकवावा लागतो, हे सांगायला नको.

आता बिडकीनकडेच पाहा. ऑरिक या औद्योगिक नगरीचा सुमारे 32 चौरस किलोमीटरचा भाग याच परिसरात आखला आहे. एथर कंपनीचा विजेवरच्या स्कूटरचा कारखाना इथे उभारण्याचे 2024 साली जाहीर झाले. विजेच्या गाडीला सीसी नाही, प्लग नाही, उतारावर तेलाची चिंता नाही. चढ ती हसत चढते. मात्र बॅटरी भरायला वेळ लागतो. म्हणजे प्रश्न मिटला नाही, फक्त जागा बदलली. पूर्वी फटफटीवाले घाटमाथ्यावर थांबत, आता चार्जिंगपाशी थांबावे लागेल.

पैठणहून आषाढीला नाथांची पालखी पंढरीला निघते. त्या दिंडीत म्हातारी माणसे आणि धट्टीकट्टी पोरे एकाच चालीने चालतात, म्हणूनच ती दिंडी असते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तांड्याचीही तीच रीत. तेव्हा फटफटीवाल्या बंधूंनो, बिडकीनला चहा संपवून उठाल तेव्हा स्कूटरला मागे नका टाकू. तिला सर्वांच्या पुढे घाला आणि तिच्या चालीने चला. पैठण कुठे पळून जात नाही. आणि वाटेत पंक्चर झालेच, तर ट्यूब घेऊन गावात जाणारा माणूस तुमच्याबरोबर असेल.