एका बागेची वाइन आणि दख्खनचा कातळ : प्रस्तावना

डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 या काळात प्रवरेकाठच्या नेवाशात उत्खनन केले. तिथल्या पांढरीत त्यांना रोमन जगातून आलेल्या मद्यकुंभांची खापरे सापडली. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे हे कुंभ भडोचसारख्या बंदरात उतरून नगरच्या पठारापर्यंत पोचले असावेत. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’चा ग्रीक लेखक भडोचला येणाऱ्या मालात वाइन मोजतो आणि त्यातही इटलीच्या वाइनला अग्रमान देतो. पुढे 2001 मध्ये सुनील गुप्ता, डेव्हिड विल्यम्स आणि डेव्हिड पीकॉक यांनी नेवाशाच्या या कुंभांवर स्वतंत्र निबंध लिहिला. या घाटाचे कुंभ नेपल्सच्या उपसागराकाठीही मोठ्या प्रमाणावर घडत. त्यांच्या मातीत व्हेसुव्हियसची काळी वाळू मिसळलेली असते. खापराचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ती ओळखता येते.

म्हणजे कुंभ कुठल्या मातीचा, हे दोन हजार वर्षांनंतरही सांगता येते. आतली वाइन कुठल्या मातीची, हे ती ताजी असताना तरी सांगता येते का? या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. त्याचे उत्तर शोधायला अहिल्यानगर जिल्ह्याइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही, जरी वाइनचा बोलबाला डोंगरापलीकडच्या इगतपुरी-दिंडोरीत असला तरी.

सुरुवातीलाच एक चित्र पुसून टाकू. ‘ज्वालामुखीच्या मातीतली वाइन’ म्हटले की डोळ्यांसमोर एटना येतो: धुमसणारा सुळका, राख आणि तिच्यात रुजलेले जुने वेल. दख्खनला असा सुळका नव्हता. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश त्याने झाकलेला आहे. आपले खरे भाऊबंद अमेरिकेच्या वायव्येला, कोलंबिया नदीच्या बेसाल्टवर आहेत. तोही भेगांतून आलेला लाव्हा, वयाने मात्र आपल्यापेक्षा पुष्कळ लहान. ओरेगॉनच्या डंडी टेकड्यांवर त्याच बेसाल्टच्या तांबड्या मातीत पिनो न्वार पिकते. एटनावर शेजारशेजारचे दोन मळे वेगळे ठरतात ते अनेकदा त्यांच्याखालचा लाव्हा वेगवेगळ्या काळात वाहिला म्हणून. आपल्याकडे फरक पडतो तो जमीन उतारावर कुठे आहे आणि तिच्यावर किती पाऊस पडला यामुळे.

हे पाहायला प्रवरेच्या कडेने चालत जावे. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कळसूबाईच्या (1646 मीटर) परिसरात, पाऊस चार-पाच हजार मिलिमीटरवर जातो. तो जमिनीतला चुना आणि इतर क्षार धुऊन नेतो, मागे तांबूस, आम्लधर्मी माती उरते. संगमनेर ओलांडेपर्यंत पाऊस कितीतरी पटींनी घटलेला असतो. टेकाडांवर मुरूम, उताराच्या पायथ्याला मध्यम जमीन आणि नदीलगत भारी काळी, खोलवर चुनखडीचे खडे बाळगणारी. नेवाशापर्यंत पोचलो की उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारे रान लागते, आणि कालव्याच्या पाण्याने खारवट किंवा चोपण झालेले पट्टेही. खडक मात्र सगळीकडे बेसाल्टच. लेबलवर नुसते ‘ज्वालामुखीय माती’ छापल्याने वाचणाऱ्याला काही कळत नाही असे मी म्हणतो ते याच कारणाने.

वेलाला खडकाच्या वयाशी घेणेदेणे नसते. मुळांना पाणी किती आणि केव्हा मिळते, हा त्याचा प्रश्न. भारी जमिनीत वेल माजतो, पानोरा वाढतो, मणी फुगतात. खायच्या द्राक्षाला हे चालते, लाल वाइनला नाही. तिचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, त्यामुळे मणी लहान आणि सालीचे प्रमाण जास्त हवे. मुरमाड उतारावर पाणी लवकर निथळते आणि ठिबकची तोटी बागाइतदाराच्या हाती राहते. त्यात आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना होणारी गोडी छाटणी मिळून त्याचे वर्ष ठरते. युरोपात द्राक्ष थंडावत जाणाऱ्या शरदात पिकते, आपले फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात. साखर झपाट्याने भरते आणि आम्लता तितक्याच झपाट्याने उतरते. काळ्या जमिनीत पोटॅशियम मुबलक असले तर रसाचा सामू आणखी चढतो आणि लाल रंग फिका पडू लागतो. माती वाइनमध्ये शिरते ती अशा आडवळणाने.

पेल्यात ‘दगडाची चव’ लागते, हा दावा मात्र मी सोडून दिला आहे. वेल्समधले भूशास्त्रज्ञ अॅलेक्स माल्टमन यांनी त्याचा समाचार सविस्तर घेतला आहे. मुळे खडक चाखत नाहीत, पाण्यात विरघळलेली मोजकी द्रव्ये शोषतात, आणि त्यांचे वाइनमधले प्रमाण जिभेला कळण्याइतके नसते. प्रयोगशाळेला ते कळते. स्ट्रॉन्शियमच्या 87 आणि 86 या समस्थानिकांचे गुणोत्तर मातीतून वेलात आणि वेलातून वाइनमध्ये जवळपास जसेच्या तसे उतरते. खापरातल्या काळ्या वाळूच्या जोडीला बसवता येईल असा पुरावा सध्या तरी हाच.

पण त्यासाठी वाइन एकाच बागेची हवी. महाराष्ट्रात 1980 च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांच्या इंडेजने सुरुवात केली. 1999 मध्ये राजीव सामंत यांची सुला नाशिकजवळ उभी राहिली, पुढे अकलूजला फ्रातेल्ली आली. धंदा वाढला तो अनेक शेतकऱ्यांची द्राक्षे एकत्र करून, आणि त्यात गैर काही नाही. ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ने तालुक्याचे नाव बाटलीवर आणले, हे मी मोठे पाऊल मानतो. तरी एका तालुक्यात दहा प्रकारची जमीन असते. दहांचा रस एका टाकीत पडला की प्रश्नच विरघळून जातो. एका बागेची वाइन महाग विकायची क्लृप्ती म्हणून बदनाम आहे, काही अंशी योग्य कारणाने. अभ्यासकाला ती हवी असते ती वेगळ्या हिशेबाने: तिथे खुंट, छाटणीची तारीख आणि पाण्याची पाळी यांची एकच वही असते. ओकचे पिंपही शक्यतो जुनेच असावे, नव्या लाकडाचा वास भल्याभल्या पुराव्यांवर पांघरूण घालतो.

या विषयाला अजून ठरलेला रस्ता नाही, हे नव्याने येणाऱ्यांच्या पथ्यावर पडणारे आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठातला मृदाशास्त्राचा विद्यार्थी, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन-येऊन असलेला बागाइतदार, पुरातत्त्वाची आवड असलेला शिक्षक, या सगळ्यांना इथे काम आहे. दारू न पिणाऱ्यांनाही. अर्धा अभ्यास खड्ड्यात उतरूनच होतो. पहिली तीन प्रकरणे कातळ, माती आणि पाणी यांची आहेत. ज्यांना वाइनची घाई आहे त्यांनी सरळ चौथे उघडावे, मात्र पोटॅशियमपाशी अडखळल्यावर मागे यावे लागेल. विहीर खणणाऱ्यांनी पहिले प्रकरण सोडले तरी चालेल. मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण कितव्या हातावर लागतो, ते त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते.