पदकाची मागची बाजू

प्रबोधनकाळातील इटलीत उदयास आलेले व्यक्तिचित्रांकित पदक हे चलन नव्हते आणि छातीवर मिरवण्याचे मानचिन्हही नव्हते. हातात घेऊन उलटून-पालटून पाहावे आणि स्नेह्यांना भेट द्यावे, यासाठी ते घडवले जाई. त्याचे मूळ रोमन नाण्यांत सापडते, कारण एका बाजूस सम्राटाचा एका अंगाने दिसणारा चेहरा आणि दुसऱ्या बाजूस एखाद्या सद्गुणाची मूर्ती, ही मांडणी तिथलीच होय. १३९० मध्ये पादुआ परत मिळवल्यावर कारारा घराण्याने त्या धर्तीची पदके पाडून घेतली होती. मात्र या कलेला स्वतंत्र रूप दिले ते पिसानेल्लो या चित्रकाराने. १४३८ च्या धर्मसभेसाठी फेरारा येथे आलेला बायझंटाइन सम्राट आठवा जॉन पालायोलोगोस याचे पदक त्याने केले, तेव्हा ठशाने न ठोकता, आधी मेणात आकृती घडवून मग साच्यात धातू ओतण्याची रीत त्याने अवलंबिली. त्यामुळे पदक नाण्याहून पुष्कळ मोठे झाले आणि उठावाला मऊपणा आला.

या कलेचा खरा कस मागच्या बाजूवर लागतो. मांतुआच्या चेचीलिया गोन्झागाने वडिलांनी ठरवलेला विवाह नाकारून, त्यांच्या मृत्यूनंतर मठात प्रवेश केला. पिसानेल्लोच्या १४४७ च्या पदकावर पुढे ती दरबारी वेशात दिसते, तर मागे चंद्रकोरीखाली बसलेल्या कुमारिकेजवळ एकशिंगी प्राणी शांतपणे विसावला आहे. हा रानटी प्राणी केवळ कुमारिकेलाच वश होतो, अशी मध्ययुगीन समजूत होती. म्हणून तो कौमार्याचे प्रतीक ठरला. ज्या व्हित्तोरिनो दा फेल्त्रेपाशी ती शिकली, त्याच्या पदकावर पेलिकन पक्षी स्वतःची छाती फोडून रक्तावर पिल्ले पोसतो. हे प्रतीक मुळात ख्रिस्ताच्या बलिदानाचे. परंतु गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवणाऱ्या या गुरूला ते अगदी शोभून दिसते, आणि सत्ताहीन शिक्षकाला सम्राटाच्या पंक्तीत बसवणे ही या कलेची सर्वांत उदार कृती म्हणावी लागेल.

सर्वच आदर्श असे आचरणातून आलेले नव्हते. रिमिनीचा अधिपती सिजिस्मोंदो मालातेस्ता याच्यासाठी मात्तेओ दे पास्ती या कलावंताने पदकाच्या मागे हत्तींच्या आसनावर बसलेली, भग्न स्तंभ धरलेली धैर्यदेवता कोरली. याच सिजिस्मोंदोला पुढे पोप दुसऱ्या पायसने पापांचा पाढा वाचून जाहीरपणे धिक्कारले. आपली पदके सिजिस्मोंदो इमारतींच्या पायांत व भिंतींत पुरून ठेवी, म्हणजे वास्तू कोसळल्यावरही उत्खननात ती भावी पिढ्यांच्या हाती पडावीत.