दार नसलेल्या गावातला मोबाईल

शनिशिंगणापूर म्हटलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खरंच का हो, इथल्या घरांना दारं नसतात?" नेवासा तालुक्यातल्या या गावाची जुनी रीत तशीच आहे. घराला चौकट असते, पण तिला ना दार, ना कडी, ना कुलूप. आडोशाला पडदा लावायचा आणि कुत्रं आत शिरू नये म्हणून फार तर फळी आडवी करायची. शनिदेव राखण करतो, चोरी करणाऱ्याला तो सोडत नाही, ही त्यामागची श्रद्धा.

या श्रद्धेच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. गाव लहान होतं, सगळे सगळ्यांना ओळखत होते. कोण आलं, कोणाच्या घरात गेलं, हे समोरच्या ओट्यावर बसलेल्या आजीला दिसायचं आणि आजीही सगळ्यांना दिसायची. म्हणजे दार नसलं तरी नजर होती आणि ती दोन्ही बाजूंनी होती.

पुढे भाविकांची गर्दी वाढली आणि अनोळखी माणसं येऊ लागली. २०१० मध्ये एका बाहेरगावच्या भाविकाने गाडीतून ऐवज चोरीला गेल्याची तक्रार केली. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेची शाखा इथे सुरू झाली. बिनकुलपाची बँक म्हणून तिचा गाजावाजा झाला. पण त्याच बातम्यांत असंही होतं की शाखेला काचेचं दार आहे आणि सहज न दिसणारं, रिमोटवर चालणारं कुलूप आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं. यात गावाचा कमीपणा नाही. ओळखीवर चालणारी व्यवस्था अनोळखी गर्दीला पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता सगळ्यात मोठी अनोळखी गर्दी आपल्या हातात आहे, मोबाईलमध्ये. जुलै २०२५ मध्ये याच देवस्थानच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून, ऑनलाइन पूजेसाठी भाविकांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून सायबर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. विधानसभेतही त्यावर चर्चा झाली. विचार करा, दूरच्या गावातली एखादी बाई श्रद्धेने बटण दाबते. तिला देवाचा फोटो दिसतो, पण पैसे घेणारा दिसत नाही.

न दिसणाऱ्या व्यवहाराचा हा त्रास आपल्या भागाला नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी, १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि ते लोण आपल्या नगर जिल्ह्यातही पोचलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्या शेतकऱ्यांनी काय जाळलं? मुख्यतः कर्जाचे कागद, म्हणजे खतं आणि रोखे. कारण त्या कागदावर काय लिहिलंय, हे निशाणी करणाऱ्याला वाचता येत नव्हतं. वही सावकाराची, लिहिणारा सावकार, हिशेबही त्याचाच. सावकाराला शेतकऱ्याचं घर, बैल, जमीन सगळं दिसत होतं. शेतकऱ्याला मात्र वहीतली एक ओळही कळत नव्हती.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. कर्जाचा कागद गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, भरलेल्या पैशाची पावती मिळावी, हिशेब मागता यावा, पासबुक मिळावं, अशा तरतुदी त्यात होत्या. थोडक्यात, आंधळी झालेली बाजू डोळस करायचा तो प्रयत्न होता.

आता झटपट कर्ज देणारी अ‍ॅप बघा. "परवानगी द्या" असं येतं आणि आपण न वाचता बोट लावतो. ही आजची निशाणीच. आमच्या भागातल्या एका गटातल्या ताईंनी असंच एका अ‍ॅपवरून थोडं कर्ज घेतलं. हप्ता चुकला, तर तिच्या भावजयीला, जावेला, शाळेतल्या बाईंना बदनामीचे फोन गेले. सगळ्यांचे नंबर तिच्याच फोनमधून उचललेले. त्या अ‍ॅपला तिचं सगळं गोत दिसत होतं, तिला मात्र तक्रार करायला एक माणूस सापडेना.

सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केले. कर्ज थेट कर्जदाराच्या खात्यात यावं, व्याज आणि खर्च सांगणारं पत्रक आधी द्यावं, अ‍ॅपने फोनमधले नंबर आणि फोटो घेऊ नयेत. पुढे ते पत्रक कर्जदाराला कळेल अशा भाषेत असावं, असंही ठरलं. १८७९ चा कायदा आणि हे नियम शेजारी ठेवून बघा. यंत्र बदललं, दुखणं तेच आहे.

आपल्या गटांचंही असंच. २०१५ मध्ये नाबार्डने ई-शक्ती प्रकल्पात गटांचे हिशेब संगणकावर आणायला सुरुवात केली, त्यात आपल्या राज्यातला धुळे जिल्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत होता. बचतीचा मेसेज सभासदाच्या मोबाईलवर जावा, ही कल्पना चांगलीच. पण मला विचारायचंय, तो मोबाईल कोणाचा? कित्येक घरांत नंबर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा असतो. मग बाईच्या बचतीचा मेसेज दुसराच वाचतो आणि रजिस्टर बंद केलं, तर तिची स्वतःची नजर गेलीच.

मोबाईल फेकून द्या असं मी म्हणत नाही. तो मला बघतो तसं मलाही त्याच्या मागचा माणूस आणि हिशेब दिसतो का, एवढं विचारा. दिसत नसेल, तर बोट लावू नका. ओटीपी म्हणजे घराची किल्ली, ती फोनवर कोणालाच सांगायची नाही. बँक सखीच्या मशीनवर अंगठा दिलात, तर रक्कम बघा आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

येत्या बैठकीत दोन कामं करा. गटाच्या नोंदीत प्रत्येकीच्या नावापुढे कोणाचा मोबाईल नंबर आहे, ते तपासा. आणि अ‍ॅपमधली शिल्लक रजिस्टरशी ताडून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्या मावशीला आपला आकडा ऐकून पटला, तरच पुढचं नाव घ्या.